सात नंबरच्या आजींचा श्वास : नर्सिंग असिस्टंटसाठी एक प्रकरण अभ्यास

पाच दिवसांच्या टीपीआर तक्त्यावर श्वसनाच्या रकान्यात एकच आकडा आहे : २०. सकाळी २०, दुपारी २०, ऑपरेशन थिएटरमधून परत आणल्यावर २०, गाढ झोपेतही २०. टीपीआर म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन. पहिले दोन आकडे यंत्र दाखवतं, म्हणून ते रोज बदललेले दिसतात. तिसरा माणसानं घड्याळाकडे बघत मोजावा लागतो, म्हणून तो बदललेला नाही. या प्रकरणात आजींना जे भोगावं लागलं आणि ज्यामुळे त्या वाचल्या, ते दोन्ही या एका रकान्याभोवती घडलं.

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. खुब्याचं हाड मोडून दाखल झालेल्या वृद्धांच्या बाबतीत वॉर्डात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून, असिस्टंटचं काम शिकणाऱ्यांसाठी ते बांधलं आहे. आकडे मात्र एकमेकांशी वैद्यकीयदृष्ट्या जुळतील असेच घेतले आहेत, कारण शिकायचं आहे ते आकड्यांमधूनच.

रुग्ण, खाट आणि फाइल

तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं खासगी नर्सिंग होम. रात्रपाळीला एक आरएमओ (निवासी डॉक्टर), दोन सिस्टर आणि दोन नर्सिंग असिस्टंट. कागदावर त्यांना जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए म्हणतात, वॉर्डात सगळे मावशीच म्हणतात. अंघोळ, कूस बदलणं, बेडपॅन, भरवणं, चालवणं, व्हायटल्स (तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब, ऑक्सिजन) मोजून लिहिणं, लघवी मोजून पिशवी रिकामी करणं ही त्यांची कामं. औषध देणं, इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं किंवा काढणं, सलाईनचा वेग बदलणं ही त्यांची नव्हेत. सिस्टर घाईत असल्या आणि ‘मावशी, एवढं करून टाका ना’ म्हणाल्या, तरीही नव्हेत.

सात नंबरच्या खाटेवर ७२ वर्षांच्या आजी. वजन ४८ किलो, जुना मधुमेह. न्हाणीघरात पाय घसरला आणि उजव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. दाखल केलं त्याच दुपारी लघवीची नळी घातली : फोली कॅथेटर, १४ नंबर, आतला फुगा १० मिली पाण्यानं फुगवलेला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि हाडाच्या पोकळीत पीएफएनची, म्हणजे मोडलेलं हाड आतून धरून ठेवणारी, सळई बसवली. आपण बोलतो आहोत ती पाचव्या दिवसाची रात्र.

फाइलवर त्या दिवशीचं लिखाण असं : ‘पीओडी ३. व्हायटल्स दर ४ तासांनी. वॉच आय/ओ. टॅब. पॅरासिटामॉल ६५० टीडीएस. इंज. ट्रामाडॉल ५० एसओएस.’ पीओडी ३ म्हणजे ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. ऑपरेशनचा दिवस शून्य धरतात, हे विसरलं की एका दिवसाची चूक होते. आय/ओ म्हणजे पोटात आणि शिरेत गेलेलं पाणी व बाहेर आलेलं पाणी, दोन्हींचा हिशेब. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, बीडी म्हणजे दोनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. असिस्टंट औषध देत नाही, मग तिनं हे का वाचायचं? पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा जातंय, हे तिला माहीत असायला हवं म्हणून. ताप दाबून ठेवणारं औषध चालू असताना ‘ताप नाही’ या शब्दांवर विसंबता येत नाही.

ओव्हर : तीन वाक्यं, एकही आकडा नाही

रात्री आठला पाळी बदलली. दुपारच्या पाळीनं ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची तोंडी माहिती, दिला तो असा : ‘आजी गुंगीत आहेत, चारला दुखण्याचं इंजेक्शन दिलंय. आउटपुट चालू आहे. बाकी नॉर्मल.’

तक्त्यावर आठची नोंद : तापमान ९९.० फॅरेनहाइट, नाडी १०४, श्वसन २०, रक्तदाब १०४/६४, ऑक्सिजन ९५ टक्के. एकेक आकडा पाहिला तर दचकावं असं काही नाही. ऑपरेशन झालंय, दुखतंय, म्हणून नाडी थोडी वाढली असेल, असं कुणालाही वाटेल.

‘आउटपुट चालू आहे’ या वाक्यात मात्र मोठी गफलत आहे. दुपारी दोन ते रात्री आठ या सहा तासांत पिशवीत ९० मिली लघवी जमली होती. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. आजींचं वजन ४८ किलो, म्हणजे तासाला २४ मिली, सहा तासांत १४४ मिली. प्रत्यक्षात तासाला १५ मिलीच झाली. नळीत पिवळा थेंब दिसत होता म्हणून ‘चालू’ म्हटलं गेलं. हा गुणाकार प्रत्येक नळीवाल्या रुग्णाच्या बाबतीत पाळी सुरू होतानाच करावा आणि ‘किमान २४ मिली/तास’ असं तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं. मग रात्री तीन वाजता डोकं चालत नसतानाही तुलना करता येते.

युरोबॅगवरच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीवरच्या, रेघांवर भिस्त ठेवू नये. २००० मिलीच्या पिशवीवर खालच्या शंभर मिलीत नेमकं मोजता येत नाही, आणि पिशवी वाकडी लटकली असेल तर पन्नासचे शंभर दिसतात. मोजणी मापाच्या भांड्यात ओतून, भांडं सपाट जागी ठेवून, डोळे पातळीवर आणून करायची. त्या रात्रीचे ९० मिली तसेच मोजलेले होते, हे दुपारच्या पाळीचं चांगलं काम. पण मोजलेला आकडा तक्त्यातच राहिला आणि तोंडी ओव्हरमध्ये त्याचं ‘चालू आहे’ झालं.

नऊ वाजून दहा मिनिटं

आजींची कूस दर दोन तासांनी बदलायची होती. रात्रपाळीच्या मावशी त्यासाठी गेल्या तेव्हा त्यांना चार गोष्टी दिसल्या.

आजी मुलीला तिच्या वारलेल्या मावशीच्या नावानं हाक मारत होत्या. चादरीचा काठ चिमटीत धरून ओढत होत्या, सोडत होत्या, पुन्हा धरत होत्या. हाताची बोटं गार होती. आणि मुलगी वाटीतली पेज भरवायला चमचा पुढे करत होती.

पहिलं काम चमचा थांबवण्याचं. गुंगीत किंवा गोंधळात असलेल्या माणसाचा घास श्वासनळीत जाऊ शकतो. ‘ताई, थोडं थांबा, आजी पूर्ण जाग्या नाहीत. डॉक्टर बघतील, मग भरवू,’ एवढं शांतपणे सांगितलं की नातेवाईक ऐकतात. नुसतं ‘काही देऊ नका’ म्हटलं तर पाठ फिरताच देतात. त्यातही मधुमेही आईला उपाशी ठेवायला मुलीचं मन धजत नाही.

दुसरं काम मुलीला एक प्रश्न विचारण्याचं : ‘या नेहमी अशा बोलतात का?’ उत्तर आलं, ‘नाही हो, सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी गप्पा मारत होती.’ हे उत्तर रक्ताच्या तपासणीइतकं मोलाचं आहे. वृद्ध माणसात अचानक, काही तासांत आलेल्या गोंधळाला डेलिरियम म्हणतात. तो म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे. विसराळूपणा महिन्या-वर्षांनी वाढतो, डेलिरियम सकाळ ते संध्याकाळ एवढ्या अवधीत येतो आणि त्यामागे जवळपास नेहमीच शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं : जंतुसंसर्ग, साखर खाली जाणं, ऑक्सिजन कमी पडणं, लघवी तुंबणं, एखादं औषध.

दुपारच्या पाळीनं कारण ठरवून टाकलं होतं : दुखण्याचं इंजेक्शन. ट्रामाडॉलनं गुंगी येते, हे खरं. पण त्या जातीच्या औषधानं गुंगी आली तर श्वास मंदावतो. म्हणून मावशींनी पुढची गोष्ट केली, ती सगळ्यात महत्त्वाची : श्वास मोजला.

श्वास कसा मोजायचा आणि वीस कुठून येतो

रुग्णाला ‘तुमचा श्वास मोजते’ असं कधी सांगायचं नाही. सांगितलं की माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरायचं, तो हात रुग्णाच्या छातीवर किंवा पोटाच्या वरच्या भागावर ठेवायचा आणि सेकंदकाट्याकडे बघत हाताचं वर जाणं मोजायचं. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. पूर्ण एक मिनिट. हात ठेवला की पांघरुणाखालचा उथळ श्वासही कळतो, नुसत्या नजरेनं तो निसटतो.

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय वॉर्डात पक्की बसलेली आहे. त्यात एका श्वासाची चूक झाली तर उत्तरात चारची चूक होते. असा तक्ता ओळखणं सोपं असतं : त्यावर १६, २०, २४ एवढेच आकडे सापडतात. अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली असेल तर विषम आकडा कधी येत नाही. आणि सगळीकडे २० असेल तर कुणी मोजलेलंच नाही, वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला आहे. यात वाईट हेतू नसतो. एका पाळीत पंधरा रुग्ण आणि प्रत्येकी एक मिनिट म्हणजे प्रत्येक फेरीला पाव तास नुसता श्वासासाठी. तो पाव तास पाळीच्या कामात धरलेलाच नसतो, आणि ही चूक एकट्या मावशीची मानणं अन्यायाचं आहे. तरीही ज्या रुग्णाचं ऑपरेशन झालंय, ज्याला नळी आहे, जो आज काल-परवासारखा दिसत नाही, त्याच्यासाठी तरी तो मिनिट काढावाच लागतो.

प्रौढ माणसाचा विसाव्याचा श्वास मिनिटाला १२ ते २०. आजींचा भरला २८. मावशींनी पुन्हा पूर्ण मिनिट मोजला : २८.

मग बाकीचे आकडे. काखेतला थर्मामीटर ९७.८ दाखवत होता. नाडी मनगटावर पूर्ण मिनिट मोजून ११४. रक्तदाब ९८/६०. तो घेताना मावशींनी नेहमीचा पट्टा बाजूला ठेवून लहान पट्टा घेतला, कारण बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर दाब खरा असतो त्याहून कमी येतो. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या भागानं दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढला पाहिजे. ऑक्सिजन ९४ टक्के. बोट गार असल्यानं प्रोब आधी आकडा पकडेना, म्हणून तळहात चोळून बोट ऊबदार केल्यावर आलेला हा आकडा.

ताप नाही, या एका गोष्टीनं इथे अनेकजण फसले असते. आठला पॅरासिटामॉलची गोळी गेलेली. त्यात वय ७२ आणि मधुमेह. वृद्धांत जंतुसंसर्ग गंभीर असूनही ताप न येणं, उलट अंग गार पडणं, हे वारंवार दिसतं.

आधी नळी तपासा, मग बोलवा

लघवी कमी दिसली की बोलावण्याआधी अर्ध्या मिनिटात करायची एक तपासणी आहे : नळीवरून हात फिरवत मांडीपासून पिशवीपर्यंत जायचं. आजींची नळी उजव्या मांडीखाली दबून मुडपलेली होती. मांडीवर चिकटपट्टीनं पक्की केलेलीच नव्हती, त्यामुळे दर वेळी कूस बदलताना सरकत होती. मावशींनी ती सरळ केली. ४० मिली लघवी झरझर आली आणि थांबली. गढूळ, तळाशी पांढुरके कण.

म्हणजे थोडी लघवी मुडपीमुळे अडली होती, पण तेवढंच कारण नव्हतं. ९० आणि ४० मिळून १३०, दोन वाजल्यापासून सव्वासात तासांत. तासाला १८ मिली. तरीही २४ च्या खालीच. ‘नळी मुडपली होती, सरळ केली’ एवढ्यावर समाधान मानून पुढच्या खाटेकडे जाणं ही इथली दुसरी संभाव्य चूक होती. (गढूळपणा किंवा वास यावरून मात्र संसर्ग ठरत नाही. नळीवाल्या पुष्कळ रुग्णांची लघवी गढूळ असते. ती नोंदवायची, निष्कर्ष काढायचा नाही.)

नऊ वीसला मावशी सिस्टरांकडे गेल्या. ‘सिस्टर, सात नंबरच्या आजी बऱ्या वाटत नाहीत’ असंही सांगता आलं असतं. त्यावर ‘बघते हं, ही सलाईन लावून येते’ असं उत्तर मिळालं असतं आणि सिस्टरांचाही दोष नसता. सांगितलं ते असं :

‘सिस्टर, सात नंबरच्या आजी. श्वास २८, दोनदा पूर्ण मिनिट मोजला. नाडी ११४, बीपी ९८/६०, ऑक्सिजन ९४, ताप ९७.८ पण आठला पॅरासिटामॉल झालंय. मुलगी म्हणते सकाळी नीट बोलत होत्या, आता माणसं ओळखत नाहीत. दोनपासून लघवी १३० मिली, नळी मुडपलेली होती ती सरळ करूनही. गढूळ आहे. पाचवा दिवस आहे नळीचा. तुम्ही आत्ता येऊन बघा.’

काय झालंय, आधीचं काय, मी काय मोजलं, मला काय हवंय, या क्रमानं बोललं की वीस सेकंद लागतात. निदान त्यात कुठेच नाही. ‘आजींना सेप्सिस (संसर्गानं सगळं शरीर जिवावर बेतेल इतकं बिघडणं) झालाय’ असं मावशींनी म्हणायची गरज नव्हती. म्हटलं असतं तर कदाचित चर्चा त्या शब्दावरच अडली असती.

या आकड्यांचं वजन किती, हे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या न्यूज-२ गुणपद्धतीनं पाहता येतं. रुग्ण किती बिघडतोय हे ती व्हायटल्सना गुण देऊन दाखवते. श्वास २५ किंवा जास्त : ३ गुण. ऑक्सिजन ९४ : १. वरचा रक्तदाब ९८ : २. नाडी ११४ : २. नव्यानं आलेला गोंधळ : ३. तापमान : शून्य. एकूण ११, आणि ७ किंवा त्याहून जास्त गुणांना तातडीची परिस्थिती मानतात. आठच्या तक्त्याचे गुण याच पद्धतीनं ३ येतात. त्या वेळीच श्वास मोजला असता आणि गोंधळ लिहिला असता, तर बाकी आकडे तेच ठेवूनही ते ९ च्या घरात गेले असते. यंत्रांनी जे दाखवलं ते सौम्य होतं. धोका होता तो माणसानं मोजायच्या आणि माणसानं बघायच्या दोन रकान्यांत.

पुढचे दोन तास

सिस्टरांनी आधी ग्लुकोमीटर लावला, कारण मधुमेही रुग्ण गोंधळला की साखर खाली गेली आहे का हे सगळ्यात आधी बघायचं असतं. २८६ निघाली. साडेनऊला आरएमओ आले. ऑपरेशननंतर श्वास वाढला की फुप्फुसात गेलेली रक्ताची गाठ किंवा न्यूमोनिया, हेही त्यांच्या मनात होतं. छाती तपासली, ईसीजी काढला. चित्र लघवीच्या मार्गातून रक्तात गेलेल्या संसर्गाकडे बोट दाखवत होतं.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा नमुना) घ्यायचं असतं. लघवीचा नमुना पिशवीतून नव्हे, नळीच्या नमुना घेण्याच्या जागेतून, ती स्पिरिटनं पुसून, निर्जंतुक सिरिंजनं सिस्टरांनी घेतला. पिशवीत तासन् तास पडलेल्या लघवीत जंतू वाढतात, त्या नमुन्याला अर्थ नसतो. मावशींचं काम इथे होतं बाटल्यांवर नाव, खाट क्रमांक आणि वेळ खाटेशेजारीच उभं राहून लिहून घेणं आणि नमुना दोन तासांच्या आत लॅबला पोहोचेल असं बघणं. तसं जमणार नसेल तर तो ४ अंशांच्या फ्रिजमध्ये जातो.

नऊ पन्नासला अँटिबायोटिक गेलं. सलाईनचं प्रमाण अशा वेळी दर किलोमागे ३० मिली धरतात, म्हणजे आजींसाठी एकूण १४४० मिली. पण वय बघून डॉक्टरांनी ५०० मिलीच्या टप्प्यांनी दिलं आणि दर टप्प्याला छाती ऐकली. मावशी दर तासाला लघवी मोजत होत्या आणि दर पंधरा मिनिटांनी श्वास. साडेअकराला रक्तदाब ११०/६६, श्वास २४, लघवी गेल्या तासात ३५ मिली. अतिदक्षता विभाग तिथे नसल्यानं १०८ च्या रुग्णवाहिकेनं आजींना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. सोबत तक्त्याची प्रत, शेवटच्या औषधाची वेळ आणि कल्चर पाठवल्याची नोंद. तिसऱ्या दिवशी रक्त आणि लघवी दोन्हींत ई. कोलाय हाच जंतू आला.

संसर्ग शिरला कुठून

नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू येण्याचा धोका दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जातो. म्हणून नळीची सगळ्यात चांगली काळजी म्हणजे ती लवकर काढणं. आजींची नळी ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी निघू शकली असती. राहिली, कारण नळी असली की बेडपॅन द्यावं लागत नाही, खुबा हलवावा लागत नाही, आजींनाही ओशाळवाणं वाटत नाही. सोय सगळ्यांचीच होती. काढायचा निर्णय डॉक्टरांचा, पण ‘आज नळीचा चौथा दिवस’ असं तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिणं असिस्टंटच्या हातात असतं आणि राऊंडला ते डोळ्यांत भरतं.

बाकीच्या तीन चुका लहान दिसतात. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयनं अर्धी भरलेली पिशवी आजींच्या पोटावर ठेवली. पिशवी मूत्राशयापेक्षा वर गेली की जुनी लघवी नळीतून परत आत वाहते. पिशवीला उलटं वाहणं अडवणारी झडप असते, पण ती फक्त पिशवीच्या तोंडाशी. दीड हात लांब नळीत साचलेली लघवी तिला ओलांडून आलेली नसते, ती परत जातेच. नेण्याआधी पिशवी रिकामी करायची आणि स्ट्रेचरच्या खालच्या दांडीला अडकवायची. खाटेवरही ती खाटेच्या चौकटीला टांगायची, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नाही, आणि फरशीला टेकू द्यायची नाही.

दुसरी चूक भांड्याची. वॉर्डात लघवी मोजायचं एकच प्लास्टिकचं भांडं होतं आणि ते पाच, सहा, सात, आठ अशा ओळीनं फिरत होतं. पिशवीची तोटी भांड्याच्या काठाला टेकली की शेजारच्या खाटेचे जंतू सातव्या खाटेवर. प्रत्येक रुग्णाला वेगळं भांडं, तोटी कशालाही न टेकवता, रिकामं केल्यावर तोटी स्पिरिटनं पुसून बंद, दोन रुग्णांच्या मध्ये हातमोजे बदलून हात धुणं. हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे नाहीत, हा गैरसमज इतका घट्ट आहे की वेगळा सांगावा लागतो. हँडरबनं २० ते ३० सेकंद, हात मळलेले असतील तर साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद.

तिसरी चूक सफाईची. रोजच्या अंघोळीत नळीची जागा साबण-पाण्यानं, पुढून मागे, आणि नळी शरीरापासून बाहेरच्या दिशेनं पुसायची. अँटिसेप्टिक क्रीम किंवा पावडर लागत नाही. आजींना शौच झाल्यावर मागून पुढे पुसलं गेलं होतं, आणि ई. कोलाय हा आतड्यातला रहिवासी.

कूस बदलताना त्याच रात्री माकडहाडावर रुपयाएवढी वेगळी दिसणारी जागा सापडली. बोटानं दाबून सोडलं की पांढरी पडून पुन्हा लाल होते का, हे बघायचं. लालच राहिली तर दाबव्रणाची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीनं चाचपायचं : आसपासपेक्षा गरम, टणक किंवा मऊ लागतंय का. त्या जागेला चोळायचं नाही.

शब्द जोडून बघा

सिस्टरांनी फोनवर डॉक्टरांना सांगितलं, ‘टॅकीकार्डिया, टॅकीप्निया, ऑलिग्युरिया आहे, बीपी लो आहे.’ हे शब्द पाठ करण्यापेक्षा सुटे करून बघितले तर दहा तुकड्यांत शंभर शब्द उघडतात. टॅकी म्हणजे वेगवान, ब्रॅडी म्हणजे मंद. कार्डिया हृदयाशी, प्निया श्वासाशी जोडलेला. ऑलिगो म्हणजे थोडं आणि युरिया म्हणजे लघवीबाबत : ऑलिग्युरिया, थोडी लघवी. त्याच शेपटाला ‘पायो’ (पू) जोडलं की पायुरिया, लघवीत पू. हिमॅट जोडलं की हिमॅच्युरिया, लघवीत रक्त. डिस जोडलं की डिस्युरिया, लघवीला त्रास. आयटिस म्हणजे दाह : मूत्राशयाचा सिस्टायटिस. एमिया म्हणजे रक्तात : बॅक्टेरिमिया, रक्तात जंतू.

एक जोडी मात्र तोडून बोलायची : हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. फोनवर, पंख्याच्या आवाजात, ‘हायपोग्लायसेमिया’ आणि ‘हायपरग्लायसेमिया’ सारखेच ऐकू येतात, आणि एकात साखर द्यायची तर दुसऱ्यात इन्सुलिन. तिथे शब्द टाकून आकडा सांगायचा : ‘साखर दोनशे शहाऐंशी, दोन-आठ-सहा.’

नळी निघाली

आजी आठ दिवसांनी वॉकर धरून परत आल्या, नळी अजून होतीच. दुसऱ्या सकाळी सातला सिस्टरांनी सिरिंजनं फुग्यातलं पाणी ओढलं. दहाचे दहा मिली निघाल्याची खात्री केली, कारण फुगा अर्धवट भरलेला राहिला आणि नळी ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. नळी आणि रिकामी केलेली पिशवी लाल पिशवीच्या डब्यात गेली, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार.

तिथून पुढचं काम मावशींचं. वेळ लिहून ठेवली. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नव्हतं, म्हणून तासातासाला पेलाभर पाणी. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा ओटीपोट फुगून आलं, किंवा थेंबथेंब होतेय असं दिसलं, तर लगेच सिस्टरांना सांगायचं ठरलं. अकरा चाळीसला आजी आधारानं कमोडच्या खुर्चीवर बसल्या. २२० मिली, फिकट पिवळी, जळजळ नाही. त्या दिवशीच्या तक्त्यावर श्वसनाच्या रकान्यात १७, १९, १८, १७ असे आकडे आहेत.